देहाचा कारभार आणि मस्तकातील पोष ग्रंथि
(मठाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाची संहिता)

तापीच्या तीरावरील कामरेज हे गाव आज मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील एक गजबजलेला चौक म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु गावाचे वय महामार्गाच्या वयाहून फार मोठे आहे. चालुक्यांच्या ताम्रपटांत ज्या 'कार्मणेय' आहाराचा उल्लेख येतो, तो याच परिसराचा होय, असे अभ्यासक मानतात. ज्या तापीच्या काठी हे गाव वसले, ती खानदेशातून, प्रकाशे क्षेत्राला स्पर्श करून इकडे येते. नदीमागोमाग माणसेही येतात. दिवाळी झाली, साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की धुळे-नंदुरबारकडील आणि डांगातील मजूर सुरत जिल्ह्यातील उसाच्या फडांत येऊन दाखल होतात. त्यांच्या टोळीतील तोडणाऱ्याच्या व त्याच्या साथीदारांच्या जोडणीस येथे 'कोयता' म्हणतात. माणसाची गणना त्याच्या हत्याराच्या नावाने होते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या परिसरातील या कोयत्यांचे जीवन १९७० च्या दशकापासून अभ्यासिले व लिहून ठेविले आहे.

मठाच्या व्यासपीठावरून शरीरशास्त्राचा विषय का निघावा, अशी शंका कोणास येईल. तिचे उत्तर मठाच्या उंबरठ्यावरच मिळते. ज्याचा थकवा जात नाही, ज्याचे मन विझल्यासारखे झाले आहे, ज्याच्या दुखण्यास नाव सापडत नाही, तो अखेरीस देवाच्या दारी येतो. अशा येणाऱ्यांपैकी दोघांचा विचार आज विशेषेकरून करावयाचा आहे. एक, उसाच्या फडात घोणस चावूनही जगलेला मजूर. दुसरी, बाळंतपणात फार रक्त जाऊनही वाचलेली स्त्री. दोघेही मृत्यूच्या दारातून परत आलेले असतात. पण परत आल्यावर ते पूर्वीचे राहत नाहीत. एकास लोक आळशी म्हणतात, दुसरीस बाहेरची बाधा झाली म्हणतात. वस्तुतः दोघांच्याही मस्तकातील एकच लहानशी ग्रंथि निकामी झालेली असू शकते. ती ग्रंथि कोणती, तिचा कारभार कसा चालतो आणि तो मोडला असता काय करावे, हे समजून घेणे हाच आजच्या विवेचनाचा हेतु आहे.

डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी, कवटीच्या एका हाडात घोड्याच्या खोगिरासारखा एक खोलगट भाग असतो. त्या खोगिरात हरभऱ्याच्या दाण्याहून किंचित मोठी, सुमारे अर्धा ग्रॅम वजनाची एक ग्रंथि बसलेली असते. तीच पोष ग्रंथि. इंग्रजी वैद्यकात तिला पिट्यूटरी म्हणतात. तिच्यावर एका नाजूक देठाने जोडलेला मेंदूचा जो भाग आहे, तो हायपोथॅलॅमस, म्हणजे अधश्चेतक. त्याचे वजनही चार ग्रॅमच्या आसपासच. एवढ्याशा ऐवजावर माणसाची वाढ, तारुण्य, प्रसूति, दूध, तहान, ऊब आणि संकटाशी झुंजण्याची शक्ति अवलंबून आहे, हे प्रथम ऐकणारास खरे वाटत नाही.

पोष ग्रंथीचे दोन भाग असतात. अग्रभागातून मुख्यत्वे सहा हॉर्मोने रक्तात जातात. एक हाडामांसाची वाढ करविते; एक गळ्यातील अवटू ग्रंथीस चेतविते; एक मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींस कामाला लाविते; दोन स्त्रीच्या बीजकोशांचे व पुरुषाच्या वृषणांचे नियमन करितात; आणि सहावे, प्रोलॅक्टिन, मातेच्या स्तनांत दूध निर्माण करविते. पश्चभागातून दोन हॉर्मोने निघतात, पण ती तेथे तयार होत नाहीत. अधश्चेतकातील पेशी ती घडवितात आणि लांब तंतूंच्या वाटेने या कोठारात आणून ठेवितात. त्यांतील व्हॅसोप्रेसिन शरीरातील पाणी राखते. ऑक्सिटोसिन गर्भाशय आकुंचित करिते आणि मातेस पान्हा फोडते.

विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यकाने या ग्रंथीस सर्व ग्रंथींची स्वामिनी मानिले होते. अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांचा पोष ग्रंथीच्या विकारांवरील ग्रंथ १९१२ मध्ये निघाला आणि तिचा दबदबा वाढला. परंतु पुढे असे दिसून आले की, ही स्वामिनी स्वतंत्र नाही. १९३० मध्ये पोपा व फील्डिंग यांनी अधश्चेतक आणि पोष ग्रंथि यांना जोडणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे वर्णन केले. इंग्लंडातील जेफ्री हॅरिस यांनी प्रयोगांनी दाखविले की, या वाहिन्यांचा मार्ग तोडला तर अग्रभाग जिवंत असूनही मुका होतो, आणि तो पुनः जोडला गेला की बोलू लागतो. त्यांचा याविषयीचा ग्रंथ १९५५ चा. याचा अर्थ, मेंदू या ग्रंथीस आज्ञा देतो, पण ती तंतूंवाटे न देता रक्तात सोडलेल्या रासायनिक द्रव्यांवाटे देतो.

ही द्रव्ये हाती लागणे मात्र सोपे नव्हते. रॉझे गीमँ यांनी मेंढ्यांचे आणि अँड्र्यू शॅली यांनी डुकरांचे अधश्चेतक कत्तलखान्यांतून लाखांनी गोळा करविले, तेव्हा कोठे मिलिग्रॅमभर द्रव्य मिळाले. अवटू-उत्तेजनाची आज्ञा देणाऱ्या द्रव्याची रचना १९६९ मध्ये निश्चित झाली. जननग्रंथींच्या आज्ञेची रचना १९७१ मध्ये कळली. १९७७ साली या दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी रक्तातील अत्यल्प हॉर्मोन मोजण्याची रीति शोधणाऱ्या रोझलिन यॅलो यांसही त्याचा वाटा मिळाला. आज तालुक्याच्या गावी रक्त देऊन दुसऱ्या दिवशी हॉर्मोनाचा आकडा हाती पडतो, तो या तपश्चर्येचा प्रसाद होय.

आता या कारभाराची पद्धति पाहू. जुन्या राज्यकारभाराची उपमा घेतली तर अधश्चेतक हा हुकूम काढणारा, पोष ग्रंथि ही तो हुकूम परगण्यांस कळविणारी फडनिशी, आणि अवटू, अधिवृक्क, बीजकोश हे परगणे. परंतु ज्या राज्यात वसूल किती आला याची खबर वर पोहोचत नाही, ते राज्य टिकत नाही. शरीरात ही खबर अखंड पोहोचते. अवटू ग्रंथीचे हॉर्मोन रक्तात पुरेसे झाले की, त्याचीच जाणीव होऊन अधश्चेतक व पोष ग्रंथि आपला आवाज उतरवितात; ते कमी पडले की आवाज चढवितात. प्रमाण वाढले की प्रेरणा घटते आणि प्रमाण घटले की प्रेरणा वाढते. या एका नियमावर हॉर्मोनांचा बहुतेक कारभार उभा आहे.

हा नियम नुसत्या डोळ्यांनी पाहावयाचा असेल तर गलगंडाकडे पाहावे. अवटू ग्रंथीस हॉर्मोन घडविण्यास आयोडीन लागते. पाण्यात व मातीत आयोडीन नसलेल्या प्रदेशात ती ग्रंथि कच्च्या मालावाचून बसते, हॉर्मोन उतरते, पोष ग्रंथि 'अधिक कर, अधिक कर' असा लकडा लाविते, आणि बिचारी अवटू ग्रंथि मालाऐवजी स्वतःचा आकारच वाढवीत बसते. वुलिमिरी रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात केलेला प्रयोग जगप्रसिद्ध आहे. खोऱ्याचे तीन विभाग केले. दोहोंस आयोडीनयुक्त मीठ आणि तिसऱ्यास साधे मीठ दिले. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांत गलगंड लक्षणीय घटला, तिसऱ्यात तो तसाच राहिला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. देशातील बहुतांश मीठ गुजरातेच्या आगरांत पिकते. त्यात चिमूटभर आयोडीन मिसळले की लक्षावधी मस्तकांतील एका ग्रंथीचा आक्रोश थांबतो.

या कारभारास घड्याळही आहे. अधिवृक्क ग्रंथीचे कॉर्टिसॉल हे हॉर्मोन मध्यरात्री सर्वांत कमी असते. पहाटे ते चढू लागते आणि माणूस जागा होण्याच्या सुमारास शिगेस पोहोचते. काकड आरतीच्या वेळी उठणाऱ्याचे शरीर देव उठण्यापूर्वीच त्याच्यासाठी सिद्धता करून बसलेले असते. याच कारणास्तव कॉर्टिसॉलची तपासणी सकाळी आठच्या सुमारास करावी लागते. दुपारच्या आकड्यावरून निर्णय करता येत नाही. भर उन्हात ऊस तोडणाऱ्याचे रक्त घट्ट होऊ लागले की अधश्चेतकास ते कळते; तो तहान लावितो, व्हॅसोप्रेसिन सोडवितो आणि मूत्रपिंडांस पाणी राखण्यास सांगतो. तान्हे अंगावर ओढू लागले की तो स्पर्श मातेच्या अधश्चेतकापर्यंत जातो आणि ऑक्सिटोसिन सुटून पान्हा फुटतो. पुढे पुढे तर बाळाच्या नुसत्या रडण्यानेही तो फुटतो. मराठी संतांनी माय-लेकरांची उपमा देवाला दिली ती उगीच नव्हे.

असा हा कारभार मोडतो कसा? प्रथम बाळंतिणीचे पाहू. गरोदरपणी दुधाची तयारी करणाऱ्या पेशी वाढल्यामुळे पोष ग्रंथि मोठी होते. तिला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या मात्र त्या मानाने वाढत नाहीत, आणि त्यांतील रक्ताचा दाबही कमी असतो. अशा वेळी प्रसूतीत अतोनात रक्त गेले, रक्तदाब कोसळला, तर वाढलेल्या ग्रंथीची उपासमार होऊन तिचा अग्रभाग मरतो. ग्लासगो येथील विकृतिशास्त्रज्ञ हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये याचे सविस्तर वर्णन केले. म्हणून या विकारास त्यांचे नाव आहे. पहिले लक्षण घरातील बायका ओळखतात: बाळंतिणीस दूध येत नाही. पुढे विटाळ येत नाही, काखेतील केस गळतात, त्वचा कोरडी व फिकट होते, थंडी सोसत नाही, उठले की चक्कर येते, उपाशी राहिले की घेरी येते. सारे इतके हळूहळू घडते की, प्रसूति व हा थकवा यांचा संबंध पाच-दहा वर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. मग एखाद्या तापात वा जुलाबात ती एकाएकी बेशुद्ध होते किंवा भ्रमिष्टासारखी बोलू लागते. बाधेचा समज येथेच जन्मास येतो.

आता फडातील मजुराचे. घोणस, जिला गुजरातीत खडचितळो म्हणतात, उंदरांच्या मागाने शेतात येते. तिचे विष रक्त गोठविणाऱ्या घटकांना एकदम चेतविते; ते घटक वायफळ खर्ची पडतात आणि मग रक्त गोठेनासे होते. सूक्ष्म वाहिन्यांतून रक्त झिरपते, काहींत गुठळ्या अडकतात, मूत्रपिंडे निकामी होतात. पोष ग्रंथीच्या नाजूक वाहिन्याही यातून सुटत नाहीत. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, घोणशीच्या दंशाने मेलेल्यांच्या पोष ग्रंथीत रक्तस्राव आढळला, आणि जगलेल्यांपैकी काहींत पुढे शीहानच्या विकारासारखीच अवस्था दिसली. तुन पे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात हे प्रसिद्ध केले. भारतातही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. दंश होऊन महिने लोटलेले असतात, जखम भरलेली असते. पण मनुष्यास कोयता उचलवत नाही, दाढी विरळ होते, इच्छा मावळते, भूक जाते. मुकादम म्हणतो, उचल घेतली आणि अंग चोरतो. अंग चोरण्याचा आरोप ज्याच्यावर होतो, त्याचे शरीर खरोखर कोणी चोरून नेलेले असते.

या विकाराचे निदान चुकण्याचे एक शास्त्रीय कारणही आहे, आणि ते वरील नियमावरून समजते. थकलेल्या माणसाची अवटू ग्रंथि तपासताना पुष्कळदा केवळ टी.एस.एच. हा आकडा पाहतात. तो आकडा म्हणजे पोष ग्रंथीचा आवाज. अवटू ग्रंथि बिघडली असेल तर आवाज चढतो व रोग सापडतो. पण जेथे ओरडणारीच गेली, तेथे आवाज चढणार कसा? आकडा सामान्य वा कमी येतो, आणि रुग्णास 'सर्व ठीक आहे' असे सांगून परत पाठविले जाते. म्हणून ज्यास घोणस चावली होती किंवा जिला प्रसूतीत फार रक्त गेले होते, तिने वा त्याने ती हकीकत वैद्यास आपणहून सांगावी, टी.एस.एच. बरोबर टी-४ आणि सकाळचे कॉर्टिसॉल तपासले जाईल. उपचारातही क्रम आहे. कॉर्टिसॉलची उणीव भरून काढल्यावाचून अवटूचे औषध दिले तर शरीराची मागणी वाढते, पुरवठा नसतो, आणि जिवावर बेतते. आधी कॉर्टिसॉल, मग थायरॉक्सिन, हा क्रम वैद्य मोडीत नाहीत.

उपाय महाग नाही, हे या दुःखातील समाधान होय. हायड्रोकॉर्टिसोन वा प्रेड्निसोलोनच्या आणि थायरॉक्सिनच्या लहान गोळ्यांनी अंथरुणास खिळलेले मनुष्य काही दिवसांत उठून बसलेले वैद्यांनी पाहिले आहे. मात्र या गोळ्या आजन्म घ्यावयाच्या असतात. मठाशी संबंधित मंडळींनी येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. एकादशी असो, गुरुचरित्राचा सप्ताह असो, अनुष्ठान असो, कॉर्टिसॉलची गोळी सोडणे हे व्रत होत नाही. तो आत्मघात होतो. ताप आला, शस्त्रक्रिया ठरली, तर वैद्याच्या सांगण्याप्रमाणे मात्रा वाढवावी लागते; ओकारीमुळे गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शनासाठी तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. आपण कोणते औषध घेतो हे लिहिलेला कागद अशा रुग्णाने सदैव जवळ बाळगावा.

याच नियमाची एक काळी बाजू आहे. संधिवातावर वा दम्यावर 'रामबाण' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते. ते बाहेरून मिळू लागले की अधश्चेतक व पोष ग्रंथि 'वसूल पुरेसा आहे' असे समजून हुकूम काढणे बंद करितात, आणि अधिवृक्क ग्रंथि वापरावाचून सुकतात. महिनोन्‌महिने घेतलेली पुडी एकदम बंद केली तर शरीर उघडे पडते. म्हणून असे औषध वैद्याच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावे लागते.

उपचारापेक्षा निवारण श्रेष्ठ. फडात उतरताना पायांत घोट्यावर येणारे जोडे, पाला उचलण्यापूर्वी काठीचा स्पर्श, रात्री कोपीतून बाहेर पडताना दिवा, एवढ्याने पुष्कळ दंश टळतात. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये. तो अवयव फळीने स्थिर करून, माणसाला चालू न देता, वाहनाने रुग्णालयात न्यावे. तेथे स्वच्छ कोरड्या काचनळीत थोडे रक्त वीस मिनिटे तसेच ठेवितात. गोठले नाही तर विषाने आपले काम सुरू केले असे समजते. प्रतिविष जितके लवकर तितके चांगले. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालणारे प्रतिविष देशात तयार होते. परळची हाफकीन संस्था त्यासाठी महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. मांत्रिकाकडे घालविलेला प्रत्येक तास पोष ग्रंथि व मूत्रपिंडे यांच्या खर्चाने घालविलेला असतो.

बाळंतपणाविषयी तर सृष्टीची योजना नमस्कार करण्याजोगी आहे. बाळ जन्मताच मातेस ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले असता गर्भाशय आवळतो आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. हे हॉर्मोन प्रयोगशाळेत प्रथम व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये घडविले. त्यांस १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या ग्रंथीच्या पश्चभागातून हे द्रव्य स्वभावतः स्रवते, त्याच ग्रंथीच्या अग्रभागाचे प्राण त्यायोगे वाचतात. परंतु पडावावरील कोपीत, कंदिलाच्या उजेडात, ज्या स्त्रीची सुटका होते, तिच्यापर्यंत ती लहानशी कुपी पोहोचावयाची कशी? हा प्रश्न वैद्यकाने केव्हाच सोडविला आहे. समाजाने तो अद्याप सोडवावयाचा आहे. गरोदर बाईची नोंद कोणत्या गावी व्हावी, येथे की खानदेशात, या घोळात ती कोठेच नोंदली न जाण्याचा धोका असतो. तिला वेळेवर रुग्णालयात पोहोचविणारे एक वाहन आणि तिची भाषा बोलणारी एक सोबतीण, एवढे मठाच्या भक्तमंडळास निश्चित करता येईल.

काही लोक पोष ग्रंथि म्हणजेच आज्ञाचक्र, असे म्हणतात. योगशास्त्राची चक्रे ही साधकाच्या अनुभवाची वाट आहे. ग्रंथि ही शवविच्छेदनात हाती येणारी वस्तु आहे. एकीने दुसरीस सिद्ध करण्याची आवश्यकता नाही. दोहोंचाही त्याने मान राहत नाही. तथापि या ग्रंथीपासून एक बोध घेण्यास हरकत नसावी. जिला सर्वांची स्वामिनी समजले, ती स्वतः आज्ञाधारक निघाली. आणि जो तिला आज्ञा देतो, तोही खालून येणाऱ्या खबरीकडे क्षणोक्षणी कान देऊन असतो. ज्या घरात, गावात वा मठात ही खबर ऐकली जात नाही, तेथील दुर्बळ माणसास आळशी वा बाधित अशी नावे मिळतात.

दत्तसंप्रदायाने गुजरातेशी जडलेले नाते जुने आहे. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींनी १९१४ मध्ये नर्मदातीरी गरुडेश्वर येथे देह ठेविला; कोकणातील घराण्यात जन्मलेल्या रंग अवधूत महाराजांनी नारेश्वरी वास करून गुजराती जनांस आपलेसे केले. नदी, भाषा आणि प्रांत ओलांडून माणसाला जवळ करणे हीच ती परंपरा. तिला स्मरून, यापुढे जो थकलेला मजूर किंवा जी फिकट पडलेली बाई उंबरठ्याशी येईल, तिला अंगारा अवश्य द्यावा. पण त्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: कधी घोणस चावली होती काय? बाळंतपणात फार रक्त गेले होते काय? उत्तर 'होय' असे आले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजण्यापूर्वी तिच्यासोबत कोणीतरी रुग्णालयात गेले पाहिजे.